वाचकांचे प्रश्न : लोक काय म्हणतील?

प्रश्न : स्वतःची ओळख आणि लोकांची टीका यांविषयी समकालीन चित्रकला नेमके काय सांगते?

उत्तर : मुंबईत जन्मलेले आणि बडोद्यात हिशेबतपासनिसाची नोकरी सांभाळून चित्रे काढणारे भूपेन खक्कर यांचे १९८१चे तैलचित्र सावकाश पाहावे. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘सर्वांना खूश करता येत नाही’ असा आहे. सज्जात पाठमोरा उभा असलेला नग्न पुरुष, म्हणजे स्वतः चित्रकारच, खाली घडणारी बाप, मुलगा आणि गाढव यांची आपल्या परिचयाची गोष्ट पाहतो आहे. समलिंगी पुरुष म्हणून स्वतःला उघडपणे मांडताना खक्कर यांनी ही लहानपणीची बोधकथा निवडली, हे मला फार धैर्याचे वाटते. कारण त्या नग्नतेत आव्हान नाही, घरच्यासारखा निवांतपणा आहे. गल्लीतले लोक मात्र आपापल्या कामात आहेत.