(०००१) दिशेच्या एमएन३एसएन पटलात असामान्य हॉल संकेत का मिळत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मॅग्नेशियम ऑक्साइडच्या (१११) पृष्ठावर ५ नॅनोमीटर रुथेनियम आणि त्यावर ३० नॅनोमीटर एमएन३एसएन (मँगनीज आणि कथिल यांचे संयुग, Mn₃Sn) असे पटल आपण स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून ते पृष्ठावर बसवण्याच्या पद्धतीने) वाढवले, क्ष-किरण विवर्तनात केवळ (०००२) आणि (०००४) ही शिखरे दिसली, म्हणजे स्फटिकाचा सी-अक्ष पटलाला लंब आहे, तरीही खोलीच्या तापमानाला पटलास लंब क्षेत्र लावून मोजलेला हॉल रोध (धारेच्या आडव्या दिशेने मिळणारे विभवांतर भागिले धारा) जवळजवळ सरळ रेषेतच बदलतो; असामान्य हॉल परिणाम, म्हणजे पदार्थाच्या स्वतःच्या चुंबकीय रचनेमुळे येणारे आडवे विभवांतर, दिसत नाही. यावरून पटल बिघडले असावे, असे आपण म्हणता. मला तसे वाटत नाही; पटल जितके निर्दोष, तितका हा संकेत शून्याजवळ जायला हवा.

या संयुगात मँगनीजचे अणू सी-अक्षाला लंब असलेल्या कागोमे जाळीच्या (कोपरे जोडलेल्या त्रिकोणांच्या जाळीच्या) प्रतलांत असतात आणि सुमारे ४२० केल्विनच्या खाली त्यांचे स्पिन त्याच प्रतलात परस्परांशी १२० अंशांचे कोन करून राहतात. निव्वळ चुंबकन दर मँगनीज अणूमागे जेमतेम ०.००२ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचे एकक), म्हणजे लोखंडाच्या साधारण हजारावा भाग आहे. असे असूनही २०१५ साली सातोरु नाकात्सुजी यांच्या गटाने एकस्फटिकात खोलीच्या तापमानाला मोठा असामान्य हॉल परिणाम मोजला, कारण तो चुंबकनातून नव्हे, तर इलेक्ट्रॉन-पट्टांच्या बेरी वक्रतेतून (इलेक्ट्रॉनांना आडवे वळवणाऱ्या, पट्टांच्या एका भूमितीय गुणधर्मातून) येतो आणि त्याची दिशा स्पिनरचनेची सममिती ठरवते. येथे कागोमे प्रतल हेच स्फटिकाचे आरसा-प्रतल आहे. स्पिन अक्षीय सदिश असल्यामुळे या परावर्तनात प्रतलातले स्पिन उलटतात आणि काल-उत्क्रमणाने (काळाची दिशा उलटण्याच्या क्रियेने, जिच्यात स्पिन उलटतात) पुन्हा पूर्ववत होतात. म्हणजे दोन्ही क्रिया एकत्र केल्या तर रचना जशीच्या तशी राहते. हॉल सदिशाचा (ज्या प्रतलात धारा आणि हॉल विभवांतर असतात त्याला लंब असणाऱ्या सदिशाचा) प्रतलाला लंब घटक मात्र परावर्तनात बदलत नाही आणि काल-उत्क्रमणात उलटतो, म्हणून तो शून्यच असला पाहिजे. आपल्या पटलात विद्युतधारा आणि हॉल संपर्क दोन्ही कागोमे प्रतलात असल्याने आपण नेमका हा निषिद्ध घटक मोजत आहात. एमएन३पीटीसारख्या घनीय संयुगांत (१११) प्रतल हे आरसा-प्रतल नसते आणि तेथे हॉल सदिश त्याच प्रतलाला लंब असू शकतो; त्या संयुगांवरचे निबंध वाचून एमएन३एसएनबद्दल अपेक्षा बांधली की असा घोटाळा सहज होतो.

पटलाची स्फटिकदिशा बदलली तरी रुथेनियमचा प्रश्न उरतो, आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. एमएन३एसएनची रोधकता अंदाजे २५० मायक्रोओहम-सेंटिमीटर आणि पातळ रुथेनियमची २० धरली, तर आपल्या ३० नॅनोमीटर पटलाची पृष्ठवाहकता (जाडी भागिले रोधकता) ०.०१२ सीमेन्स, तर अवघ्या ५ नॅनोमीटर रुथेनियमची ०.०२५ सीमेन्स येते. म्हणजे दोन-तृतीयांश धारा खालच्या थरातूनच जाते. हॉल रोध एमएन३एसएनमधून जाणाऱ्या उरलेल्या एक-तृतीयांश वाट्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे मोजलेला संकेत खऱ्या संकेताच्या सुमारे एक-नवमांश उरतो. थर अपरिहार्य असेल तर त्याची रोधकता वेगळ्या नमुन्यावर मोजून हा हिशेब उलटा लावावा.

कागोमे प्रतले उभी असलेले पटल हवे असल्यास २०२२ साली टोकियोतील गटाने वापरलेला मार्ग, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडचे (११०) पृष्ठ आणि त्यावर टंगस्टन, अनुसरता येईल. ते जमण्यासारखे नसेल तर ऑक्सिडीकृत सिलिकॉनवर खोलीच्या तापमानाला स्पटर करून नंतर सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवलेले बहुस्फटिकी पटलही चालते. त्यातले काही कण योग्य दिशेचे असतातच. पटलांत स्पिनरचना उलटवण्यासाठी एकस्फटिकापेक्षा बरेच मोठे क्षेत्र लागते, तेव्हा अर्ध्या टेस्लावर थांबू नये.

आपल्या सध्याच्या पटलात खोलीच्या तापमानाला हिस्टेरेसिसचा ठळक फास (क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना वेगळ्या वाटेने जाणारा आलेख) दिसला असता, तर मी आधी परकी चुंबकीय प्रावस्था, म्हणजे पटलात मिसळलेला दुसराच चुंबकीय पदार्थ, शोधली असती. सुमारे ५० केल्विनच्या खाली गोष्ट वेगळी आहे. तेथे स्पिन सी-अक्षाकडे कलू लागतात, आरसा-सममिती मोडते आणि फास खराही असू शकतो.

तोवर हे पटल टाकून देऊ नये. तापमानाचा उतार पटलाला लंब ठेवला आणि क्षेत्र पटलात लावले, तर असामान्य नर्न्स्ट परिणामाचे (असामान्य हॉलसारखाच, पण धारेऐवजी तापमानाच्या उताराने होणारा परिणाम) विभवांतर पटलातच, क्षेत्राला काटकोनात मिळायला हवे, कारण त्या मांडणीत हॉल सदिशाचा प्रतलस्थ, सममितीला मान्य असलेला घटक कामाला येतो. रुथेनियम ते विभवांतरही कमी करील, पण शून्य करणार नाही.