गावाला जंगलाचा हक्क दिला तर झाडांच्या जाती टिकतात का?

तुम्ही विचारलंय की जंगल गावाच्या हाती दिलं तर लोक मोह, चारोळी, बांबू विकून विकून ते रिकामं नाही का करणार. मी गडचिरोली जिल्ह्यातला, धानोऱ्याकडचा, आमच्या ग्रामसभेच्या जंगल समितीत आहे, म्हणून डोळ्यानं पाहिलं ते सांगतो. टिकतात, पण नुसता हक्काचा कागद मिळाला म्हणून नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ५ मध्ये जैवविविधता राखायची जबाबदारीपण ग्रामसभेवरच टाकलीय, ती गाव किती मनावर घेतं त्यावर सगळं आहे.

चारोळीचं बघा. तिचं फळ, त्याला चार म्हणतात, पिकून काळं झालं की काढायचं असतं, पण जंगल कोणाचंच नव्हतं तेव्हा आज मी नाही तोडली तर उद्या दुसरा नेईल म्हणून लोक हिरवीच ओरबाडायचे, काहीजण तर फांदीच तोडून आणायचे. कच्च्याचा दाणा भरत नाही म्हणून भाव नाही, अन् बी पडत नाही म्हणून नवीन रोप नाही. मग ग्रामसभेनं तारीख ठरवली, त्याआधी हात लावला तर दंड. पहिल्या वर्षी लई भांडणं झाली, माझ्या सख्ख्या काकालाच दंड भरावा लागला.

मोहाचं वेगळं. फूल वेचल्यानं झाडाचं काही जात नाही, ते पहाटे आपोआप गळतं अन् फळ वर धरतंच. घात करते ती आग. मार्चमध्ये फुलं नीट दिसावी म्हणून खालचा पाला जाळतात, त्यात रोपंपण जातात, म्हणून कित्येक जंगलात मोठमोठे मोह आहेत पण पोर एक नाही. आमच्याकडे आता बाया खराट्यानं पाला झाडतात, कोणी जुन्या साड्या अंथरतात. तीन उन्हाळे आग लागू दिली नाही, तर मागच्या पावसाळ्यात नाल्याकाठच्या मोहाखाली वीतभर रोपं दिसली, तांबूस कोवळी पानं, खाली बसून मोजली तर अकरा निघाली. आईला नेऊन दाखवली, ती किती वेळ तिथून उठेचना.

चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव तर पुढं गेलं. २०१२ मध्ये हक्क मिळाला, अन् तेंदूपत्ता, म्हणजे विडीचं पान, तोडणंच बंद केलं, कारण पानासाठी झाडं छाटतात अन् नवी पालवी फुटावी म्हणून आगी लावतात. बांबूवर भागवतात. आम्हाला तेंदूचा पैसा सोडणं अजून जमलं नाही, पेरणीच्या तोंडावर हातात येणारा तोच पैसा असतो.

अन् बीजाचं झाड, म्हणजे बिबळा. चाऱ्यासाठी फांद्या छाटून छाटून त्याला शेंगा धरूच देत नाही आपण, लहान रोप शोधूनही दिसत नाही. यंदा तो विषय मीच ग्रामसभेत ठेवलाय.