आधी टॉयलेट बघा, मग स्टेज

प्रश्न: ताई नमस्कार, आमचा पालकांचा एक ग्रुप आहे, दरवर्षी दिव्यांग मुलांसाठी एक दिवसाचा आनंदमेळा करतो. पन्नासेक मुलं येतात, काही व्हीलचेअरवर, बरीच ऑटिझमवाली, दोन मुलांना फिट्स येतात, एकीला अजिबात दिसत नाही. यंदा डीजे, फुगे, जादूगार, बक्षीस समारंभ असं सगळं ठरलंय. पण गेल्या वेळी निम्मी मुलं तासाभरात घरी गेली, फार जिवाला लागलं. आमचं काय चुकतं?

उत्तर: तुमची तळमळ दिसतेय, म्हणून स्पष्टच लिहिते. तुमच्या यादीत जादूगार आहे पण टॉयलेट नाही. व्हीलचेअर आत नेऊन वळवायची तर साधारण दीड मीटर मोकळी जागा लागते, दार 90 सेंटीमीटर तरी हवं. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाचं डायपर बदलायचं कुठे? तान्ह्या बाळाच्या टेबलावर ते मावत नाही, मग आई त्याला बाथरूमच्या ओल्या फरशीवर आडवं करते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि अशी आई त्यानंतर मेळ्यात थांबत नाही, सरळ घरी जाते. एक आडोसा, मजबूत खाट, धुतलेल्या चादरी, हातमोजे, झाकणाचा डबा, एवढं केलंत तरी खूप झालं.

पायऱ्या असतील तर रॅम्प हवाच, एक फूट चढायला बारा फूट लांबीचा. चौघांनी मिळून खुर्ची उचलायची हे नको हो, मूल घाबरतं आणि पडायचीही भीती.

आता डीजे. एका मेळ्यात स्पीकर सुरू झाला तसा एक सातेक वर्षांचा मुलगा कानावर हात दाबून टेबलाखाली जाऊन बसला, कोणी ओढलं तरी येईना. शेवटी कोणीतरी आवाज बंद केला तेव्हा तो आपण होऊन बाहेर आला आणि मग पाऊण तास एकटाच खुंटीवर रिंगा घालत बसला, एक घालायची, काढायची, परत घालायची, इतका रमला होता! त्याचा मेळा तोच. म्हणून एक शांत खोली ठेवाच, मंद उजेड, गाद्या, आत माइकचा आवाज नको. लुकलुकणारे लाइट तर लावूच नका, सेकंदाला 3 पेक्षा जास्त वेळा चमकणाऱ्या उजेडाने काही मुलांना फिट येऊ शकते. फुगेही वगळा, फुटले की मुलं दचकतात, शिवाय स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) असलेल्या मुलांमध्ये लॅटेक्सची, म्हणजे फुग्याच्या रबराची, अ‍ॅलर्जी बरीच आढळते.

खेळांचं तसं सोपं आहे. बॉल फेकता येत नसेल तर मांडीवर पन्हळीसारखा उतार ठेवा, नुसतं ढकललं की झालं. न दिसणाऱ्या मुलीसाठी खुंटीमागे कोणीतरी घंटी वाजवत उभं राहायचं. चेहरा रंगवून घ्यायला नको वाटलं तर हातावर काढा. रांग नको, टोकन द्या.

प्रश्न: मदतीला कॉलेजची मुलं येणारेत. त्यांना काय सांगू?

उत्तर: गर्दीतून नजर चुकवून पळणारी मुलं असतात, म्हणून बाहेर जायचं गेट एकच उघडं ठेवा आणि तिथे दोघं जण दिवसभर हलायचे नाहीत, हे पहिलं. खुर्चीला हात लावण्याआधी त्या मुलालाच विचारायचं. फोटो पालकांना आणि मुलाला दोघांनाही विचारून. बक्षीस घ्यायला सगळ्यांना स्टेजवर चढवायचा हट्ट नको, ज्याचं त्याला जागेवर नेऊन द्या.

आणि बोलायचं ते आईशी नाही, मुलाशी. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी पाणी, शू, घरी, अजून, नको अशी चित्रं एका पुठ्ठ्यावर चिकटवून प्रत्येक स्टॉलवर ठेवा. विचारलं की थांबायचं, मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. बरीच मुलं सात-आठला बोट उचलतात आणि आपण तोवर पुढच्या मुलाकडे वळलेलो असतो.