टेक्सासला येताय? लशीची फाईल सुटकेसमध्ये नको, हातातल्या बॅगेत ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नवऱ्याची कंपनी त्याला पुण्याहून डॅलसला पाठवतेय, मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीचचा, जूनअखेर निघायचं. कुणीतरी सांगितलंय की टेक्सासमध्ये लस घेतल्याचा पुरावा मागायलाच कायद्याने बंदी आहे, मग त्या जुन्या फायली नि कार्डं कशाला वाहून न्यायची? नवऱ्याने कोविडचा एकच डोस घेतलाय, त्यावरून नोकरीत कटकट होईल का? तुम्हाला पुढे इथे फिजिओथेरपीत काही करायचंय आणि सासूबाई नंतर थोड्या महिन्यांसाठी येणार आहेत, त्यांचं काय?

नवऱ्याचं आधी सांगते, ते सोपं आहे. काही होणार नाही. गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी एप्रिल २०२१ मध्ये आदेश काढला की सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी कोविड लशीचं सर्टिफिकेट मागायचं नाही. त्याच जूनमध्ये कायदाच झाला, दुकानदार-हॉटेलवाल्यांनी गिऱ्हाइकाकडे ते मागायचं नाही असा. आणि २०२३ च्या शेवटी आणखी एक कायदा झाला, तो ६ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे : खासगी कंपनीला कर्मचाऱ्यावर, कंत्राटी माणसावर किंवा नोकरीसाठी अर्ज केलेल्या कुणावरही कोविड लशीची सक्ती करता येत नाही. केली तर दर प्रकरणी ५०,००० डॉलरपर्यंत दंड. आठवतंय ना, ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याकडे मुंबईत लोकलचा पास मिळायला दोन डोस झाल्याचं दाखवावं लागत होतं. त्याच दिवसांत इथे नेमका उलटा कारभार होता.

पण तुम्हाला ज्याने कुणी हे सांगितलं त्याने अर्धंच वाचलंय. हे सगळे कायदे एकट्या कोविडच्या लशीपुरते आहेत. गोवर, पोलिओ, कावीळ, कांजिण्या यांना त्यांनी हातही लावलेला नाही. शाळा तो पुरावा मागते, मागणार, आणि तो मागायचा अधिकार टेक्सासच्याच कायद्याने तिला दिलाय. म्हणून असलं काही कानावर आलं की दोनच गोष्टी विचारायच्या : कुठली लस, आणि मागणारा कोण? मोंटाना राज्याने २०२१ मध्ये केलेला कायदा टेक्सासपेक्षा लांब जातो, तो सगळ्याच लशींना लागू आहे. तरी शाळा आणि पाळणाघरं त्यातूनही वगळलेली आहेत.

आता मुलांचं. खरं काम इथेच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिलीच्या मुलीसाठी शाळेला त्रिगुणी, पोलिओ, एमएमआरचे (गोवर, गालगुंड नि रुबेला यांची एकत्र लस) दोन डोस, कावीळ ब चे तीन, कावीळ अ चे दोन आणि कांजिण्यांचे दोन लागतात. मुलाला डे-केअरमध्ये घालणार असाल तर त्याच्या यादीत हिब आणि न्यूमोकोकल या न्यूमोनिया-मेंदूज्वरावरच्या लशीही येतात. तुम्ही म्हणाल, आमची सगळी टोचणी वेळच्या वेळी झालीय. झालेली असेलच. पण आपलं वेळापत्रक आणि इथला हिशोब जुळत नाही.

नाशिकच्या एका मैत्रिणीबरोबर मी तिच्या मुलाचं नाव घालायला शाळेत गेले होते. नर्सने कार्ड टेबलावर पसरलं, एक बोट जन्मतारखेवर ठेवलं, दुसरं गोवराच्या पहिल्या डोसवर, ओठातल्या ओठात महिने मोजले आणि पेन्सिलने त्या डोसवर सरळ रेघ मारली. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. इथे पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा डोस धरतच नाहीत. शिवाय सरकारी केंद्रातल्या एमआर लशीत गालगुंडाचा भाग नसतो, आणि यांना एमएमआर हवी. म्हणजे सरकारी कार्डावर गोवराचे दोन डोस दिसत असले तरी इथे एकच धरला जातो, तोही गालगुंडाविना. खासगी डॉक्टरकडे नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षं असे तीन एमएमआर झाले असतील तर प्रश्न नाही, नंतरचे दोन पुरतात. तुमच्या मुलीचा तिसरा झालाय का, ते आजच बघा.

दुसरी गोम पोलिओची. एप्रिल २०१६ मध्ये भारताने तोंडावाटे द्यायचे थेंब बदलले, तिन्ही प्रकारांऐवजी दोन प्रकारांविरुद्धचे आणले. अमेरिका १ एप्रिल २०१६ पासूनचे थेंब मोजत नाही. बूथवर जाऊन कितीही वेळा बोटाला शाई लावून घेतलेली असो, हिशोबात फक्त इंजेक्शन धरतात, आणि त्यातला शेवटचा डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा लागतो. त्रिगुणीलाही तोच नियम.

तिसरी गोष्ट, कांजिण्या आणि कावीळ अ आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीत. खासगीत दिल्या असतील तर उत्तम. मुलीला कांजिण्या येऊन गेल्या असतील तर लस लागत नाही, आईबापांनी तसं लिहून सही केली तरी टेक्सासची शाळा मानते. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि दोन्ही काविळींसाठी रक्त तपासून प्रतिकारशक्ती असल्याचा रिपोर्टही चालतो, पण सहा वर्षांच्या पोरीला त्यासाठी सुई टोचायची तर सरळ डोसच द्यावा, असं माझं मत.

निघायला अवकाश आहे, तेवढ्यात बालरोगतज्ज्ञांना गाठा. एमएमआर आणि कांजिण्या एकाच दिवशी देता येतात, पण वेगवेगळ्या दिवशी दिल्या तर मध्ये २८ दिवस जावे लागतात, नाहीतर दुसरा डोस बाद. कावीळ अ च्या दोन डोसांत सहा महिने लागतात, म्हणून एक तिथे घ्या, दुसरा इथे. सगळं पूर्ण व्हायलाच हवं असं नाही. प्रत्येक लशीचा निदान एक डोस झालेला असेल आणि पुढचे वेळेवर घेत राहणार असाल तर शाळा तात्पुरता प्रवेश देते. पण तो एक डोस हवाच, आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या सुमारास इथे नव्याने आलेल्यांना डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही.

आणि तारखा! यावर मी दरवर्षी कुणा ना कुणाला तरी बोलते. समजा मूल २२ जून २०२० चं आहे आणि सहा आठवड्यांचा डोस ५ ऑगस्टला झाला. आपल्या कार्डावर ०५/०८/२०२० असतं. इथली बाई ते ८ मे वाचणार, म्हणजे मूल जन्मायच्या आधीच त्याला लस! डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक इंग्रजी तक्ता करून घ्या : लशीचं नाव (कंपनीचं ब्रँडनेम नको), तारीख, महिना अक्षरात, वर्ष, खाली सही नि शिक्का. मूळ कार्डही आणा. फोनमध्ये फोटो काढून ठेवलात तर बरंच, पण शाळेच्या खिडकीवर कागदच लागतो.

बीसीजीचा खांद्यावरचा व्रण पाहून कुणी दचकलं तर घाबरू नका, इथे ती लस देतच नाहीत. पण त्वचेवरची क्षयाची चाचणी बीसीजीमुळे खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. कुणी चाचणी सांगितली तर रक्ताची करू या म्हणा, नाहीतर छातीच्या एक्स-रेचा फेरा मागे लागतो.

डॅलसला आल्यावर क्लिनिकमध्ये राज्याच्या लस-नोंदणीचा, म्हणजे इमट्रॅक-२ चा, फॉर्म देतील. त्यावर सही केल्याशिवाय टेक्सास तुमची नोंद ठेवत नाही, इथल्या लोकांना सरकारने असलं काही जपून ठेवलेलं आवडत नाही. मी म्हणेन करा सही. घर बदललं, शाळा बदलली की पुन्हा फाईल शोधत बसायला नको.

तुमच्या ओळखीच्यांनी आणखी एक शॉर्टकट सुचवलाय, ‘सद्सद्विवेकाच्या कारणाने’ सूट मिळवायचा. सूट आहे खरी. पूर्वी फॉर्म राज्याच्या आरोग्य खात्याकडून मागवावा लागायचा, १ सप्टेंबर २०२५ पासून तो ऑनलाइन उतरवून घेता येतो. नोटरी करायची, दोन वर्षं चालतो. ज्यांचं मनापासून तसं मत आहे त्यांच्याशी मला भांडायचं नाही. पण केवळ कागद सापडत नाहीत म्हणून ही वाट धरणं मला पटत नाही. आरोग्य खात्याने साथीची आणीबाणी जाहीर केली तर सूट घेतलेल्या मुलाला शाळेतून घरी बसवता येतं. आणि साथ काही लांबची गोष्ट नाही. जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासच्या गेन्स काउंटीत गोवर सुरू झाला, ऑगस्टमध्ये साथ संपल्याचं जाहीर होईपर्यंत राज्यात ७६२ रुग्ण झाले आणि शाळकरी वयाची दोन मुलं गेली. गोवराने. 

तुमचं स्वतःचं. कॉलेजात जाणार असाल तर मेनिंजायटिसच्या (मेंदूज्वराच्या) लशीचा नियम २२ वर्षांखालच्यांना आहे, तो तुम्हाला लागणार नाही. पण फिजिओथेरपी म्हणजे रुग्णाला हात लावायचं काम. असल्या विद्यार्थ्यांकडून कावीळ ब, एमएमआर, कांजिण्या, धनुर्वात यांचा पुरावा टेक्सासच मागतं, आणि कोविडचा कायदा इथे ढाल होत नाही. आपल्या वयाच्या कुणाकडे लहानपणचं कार्ड असतं? तेव्हा धनुर्वात सोडून बाकीच्यांसाठी रक्ततपासणीने भागतं. कावीळ ब चे तीन डोस मात्र घेतले नसतील तर पुण्यातच सुरू करा.

व्हिसाचं वेगळंच. नोकरीच्या एच-१बी, कुटुंबाच्या एच-४ किंवा सासूबाईंच्या पर्यटक व्हिसाला कुठलीही लस लागत नाही. परदेशी प्रवाशांना विमानात बसण्यासाठी असलेली कोविड लशीची अट १२ मे २०२३ पासून उठलीय. त्यांनी फक्त औषधांच्या चिठ्ठ्या आणि प्रवासाचा विमा नीट बघावा. पण उद्या ग्रीन कार्डची वेळ आली की आय-६९३ हा वैद्यकीय फॉर्म येतो आणि त्यात लशींची यादी असते. ही अट १९९६ च्या केंद्रीय कायद्याची आहे, टेक्सासच्या गव्हर्नरचं तिथे काही चालत नाही. त्या यादीतून कोविड मात्र २२ जानेवारी २०२५ पासून काढलाय, म्हणजे नवऱ्याचा एक डोस तिथेही आड येणार नाही.

शेवटी, तुम्ही लिहिलंय की कंपनी कदाचित डॅलसऐवजी कॅलिफोर्निया देईल. मग वर लिहिलेल्यातलं नोकरीबद्दलचं सगळं खोडा, टेक्सासचे हे कायदे तिथे नाहीत. शाळेचं तर तिथे जास्तच कडक आहे. डिस्नेलँडमधून पसरलेल्या गोवरानंतर त्यांनी २०१५ मध्ये कायदा करून वैयक्तिक मताच्या आधारावरची सूट बंद केली. आता वैद्यकीय कारण असेल तरच सूट, आणि तीही डॉक्टरने राज्याच्या ठरलेल्या पद्धतीने नोंदवलेली. यादीही थोडी वेगळी आहे, कावीळ अ शाळेला लागत नाही. नक्की काय ठरतंय ते कळलं की लिहा, म्हणजे मुलांचे कुठले डोस आधी उरकायचे ते सांगता येईल.