“सगळं बरं आहे” म्हणणाऱ्याला पुढे काय विचारावे?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका उपकेंद्रात परिचारिका आहे. झोप लागत नाही, छातीत धडधडते अशा तक्रारी घेऊन शेतकरी येतात. मात्र मनाबद्दल विचारताच “सगळं बरं आहे” म्हणतात. नैराश्याची लक्षणे चाचपणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली कशी भरून घ्यावी? आत्महत्येबद्दल विचारल्याने तोच विचार मनात भरेल, अशी भीतीही वाटते.

उत्तर : कागद आधी बाजूला ठेवावा. रुग्ण ज्या तक्रारीने आला तिच्यापासूनच सुरुवात करून, झोप कधी मोडते, पहाटे जाग आल्यावर डोक्यात काय चालते, असे विचारत गेल्यास “कशातच मन लागून नाही राहिलं” हे वाक्य पुष्कळदा त्याच्याच तोंडून येते. ते जसेच्या तसे लिहावे. त्या जागी ‘नैराश्य’ असे लिहून मोकळे होऊ नये. घरच्यांचे म्हणणे नंतर स्वतंत्रपणे ऐकावे, कारण त्यांच्यादेखत कर्जाचा किंवा दारूचा विषय निघणे अवघड असते. वेगळी खोली नसेल तर बाहेर निंबाखालचा बाकही चालतो.

बोलता बोलता कपडे, नजर, बोलण्याची गती आणि विचारांची संगती टिपावी. भान तपासण्यासाठी केवळ तारखेवर विसंबू नये. आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, कपाशीची कितवी वेचणी चालू आहे, हेही विचारावे.

मग प्रश्नावली घ्यावी. मागील २ आठवड्यांविषयीचे ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, कमाल बेरीज २७. १० किंवा अधिक आल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे. ही चाळणी आहे, निदान नव्हे. रक्तक्षय किंवा थायरॉइडच्या विकारानेही थकवा येतो आणि गुण वाढतात.

नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांबद्दल आहे; त्याचे उत्तर मात्र बेरीज कितीही आली तरी स्वतंत्रपणे पाहावे. “जीव द्यावा असं मनात येतं का?” असे सरळ विचारावे, विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट अनेकांना बोलून हलके वाटते. उत्तर होकारार्थी असल्यास काही ठरवले आहे का, पूर्वी प्रयत्न केला होता का, हे विचारून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे आणि तोवर रुग्णाला एकटे सोडू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक घरच्यांनाही लिहून द्यावा. फवारणीचे औषध घरात कुठे ठेवले आहे, हे त्यांना आवर्जून विचारावे आणि तो डबा त्याच दिवशी घरातून हलवून दुसऱ्याकडे कुलपात ठेवायला सांगावा.