पॉलिश खरं की नुसती चकाकी?

प्रश्न : गाडीच्या पेंटचं डिटेलिंग करायचंय. दोन ठिकाणच्या दरांत दुपटीचा फरक आहे. काम कसं पारखायचं?

उत्तर : दर ठरतो तो लागणाऱ्या तासांवर. धुणं, क्ले बार (पेंटला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) आणि एकाच टप्प्याचं पॉलिश काही तासांत उरकतं. आधी कटिंग (ओरखडे घासून काढणं), मग फिनिशिंग (बारीक पॉलिशने चमक आणणं) असं दोन टप्प्यांचं काम पूर्ण दिवस किंवा जास्तही खातं. तेव्हा टप्पे लिहूनच घ्या. मशीन लावण्याआधी गेजने पेंटची जाडी मोजतात का, हे जरूर विचारा. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, घासला गेलेला परत येत नाही. ताबा घेताना बॉनेटवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पाणी फवारून पुसायला सांगा आणि टॉर्च तिरकी धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे पुन्हा उमटले, तर ते फिलरने (ओरखड्यांत भरून ते तात्पुरते लपवणाऱ्या पदार्थाने) नुसते बुजवले होते. कोटिंग (पेंटवरचा संरक्षक थर) चढवणार असतील, तर ही तपासणी त्याआधीच करा.