‘नाही तर’ची यादी

वैद्यकीय प्रवेशाविषयी सल्ला घ्यायला माझ्याकडे येणारी कुटुंबे बहुधा जूनच्या मध्यावर, म्हणजे नीट या देशभरच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल हातात पडल्यावर येतात. ही मुलगी जानेवारीच्या अखेरीस आली, बारावीची लेखी परीक्षा तोंडावर असताना, आणि आईला तिनेच सोबत आणले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि घरच्यांच्या संमतीने हे लिहीत आहे.) खुर्चीवर बसता बसता तिने जो प्रश्न विचारला, तो थोड्याफार फरकाने दरवर्षी अनेक मुलांच्या मनात असतो, फक्त तो इतक्या स्पष्टपणे कोणी विचारत नाही. “मॅडम, मला एमबीबीएस हवंय, डेंटल हवंय की फिजिओ, हे मलाच माहीत नाही. सगळे म्हणतात, आधी मार्क पडू देत, मग बघू. पण काहीच नक्की नसताना अर्ज भरायचा म्हणजे खोटेपणा नाही का?”

तिच्या आईने पर्समधून दिनदर्शिकेच्या जुन्या पानाची घडी काढून टेबलावर उलगडली. पानाच्या कोऱ्या बाजूवर मुलीच्या मामांनी लाल पेनाने यादी केली होती: एमबीबीएस सरकारी, नाही तर बीडीएस (दंतवैद्यक) सरकारी, नाही तर बीएएमएस (आयुर्वेद), नाही तर फिजिओ. पहिली सोडून प्रत्येक ओळ ‘नाही तर’ने सुरू होत होती. मामांचा हेतू चांगला होता आणि त्यांनी माहितीही मेहनतीने गोळा केली होती, हे मला मान्य आहे. परंतु ती यादी मुलीच्या आवडीनिवडीची नव्हती. गेल्या वर्षी इतर हजारो मुलांनी कोणत्या जागा आधी उचलल्या आणि कोणत्या नंतर, याचीच ती नोंद होती. कटऑफचा अर्थ त्यापलीकडे फारसा नसतो. दाताच्या डॉक्टरचे काम हे एमबीबीएस डॉक्टरच्या कामाचा थोडा स्वस्त प्रकार आहे आणि भौतिकोपचार (फिजिओ) हा त्याहून स्वस्त, अशी समजूत या ‘नाही तर’मधून मुलांच्या मनात नकळत रुजते. प्रत्यक्षात ही तीन वेगळी आयुष्ये आहेत.

मी तिला सांगितले की अर्ज भरण्यात खोटेपणा मुळीच नाही. आपल्या पद्धतीत नीट ही एकच परीक्षा आहे, १८० प्रश्न आणि ७२० गुण, आणि ती देताना तुला कोणता अभ्यासक्रम हवा आहे हे कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात एमबीबीएस व बीडीएस हा एक गट, आयुर्वेद, होमिओपॅथी व युनानी हा दुसरा आणि भौतिकोपचार, व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार), वाचा व श्रवण यांचा तिसरा, असे गट राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या प्रवेशप्रक्रियेत असतात आणि पसंतीक्रम भरण्याची वेळ निकालानंतर येते. इंग्लंडमध्ये तसे नाही. तिथे सत्र सुरू होण्याच्या जवळजवळ एक वर्ष आधी, १५ ऑक्टोबरपर्यंत वैद्यकशास्त्राचा अर्ज द्यावा लागतो, पाच पसंतींपैकी चारच वैद्यकशास्त्राला देता येतात, आणि हाच विषय का, हे स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावे लागते. तिथल्या मुलाला मन निश्चित नसल्याची किंमत अर्जातच मोजावी लागते. आपल्याकडची किंमत लपलेली असते. नोंदणीपासून जागा मिळेपर्यंतच्या सगळ्या प्रवासात ‘का?’ हा प्रश्न एकदाही येत नाही, त्यामुळे तो घरातच विचारावा लागतो, आणि घरात तर दिनदर्शिकेच्या पानावर उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते.

म्हणून जानेवारीत मी तिला काहीही ठरवायला सांगितले नाही. उलट, परीक्षा होईपर्यंत हा विषय मनातून बाजूला ठेवावा, असे सुचवले. फक्त एका ठिकाणी अनिश्चितता महागात पडू शकत होती, ते मात्र लगेच बोलणे भाग होते. नीटमधून जे अभ्यासक्रम मिळत नाहीत, त्यांचे अर्ज स्वतंत्र असतात आणि त्यांच्या मुदती नीटच्या निकालासाठी थांबत नाहीत. औषधनिर्माणशास्त्रासाठी (फार्मसी) एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि राज्यात बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी असते. “नर्सिंगचा अर्ज भरला आहे का?” असे मी विचारले, तेव्हा मुलगी आईकडे पाहू लागली.

आई स्वतः सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या. “नर्सिंग सोडून काहीही चालेल,” त्या म्हणाल्या. “रात्रपाळी करून आल्यावर मी पाय गरम पाण्याच्या बादलीत घालून बसते, ते हिने लहानपणापासून पाहिलंय. मला पुन्हा ते पाहायचं नाही.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. वीस वर्षे जे काम केले त्याविषयी कोणाला असे वाटत असेल, तर ते ऐकून घ्यायला हवे. एवढेच म्हटले की यादीत काय नाही आणि ते कोणामुळे नाही, हे तिघींना माहीत असले की पुरे. त्या दोघी गेल्यावर आठवड्याभराने मुलीचा निरोप आला: आईने स्वतः बसून नर्सिंग सीईटीचा अर्ज भरून दिला होता. पुढे ती जागा तिने घेतली नाही. तरीही त्या अर्जाने घरात एक दार उघडले, असे मला वाटते, कारण त्यानंतर आई-मुलगी रुग्णालयातल्या कामाविषयी पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलू लागल्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात नीट झाली. निकाल यायला पाच-सहा आठवडे होते. हा काळ बहुतेक घरांत उत्तरसूची ताडून पाहण्यात आणि गुणांचे अंदाज बांधण्यात जातो. आम्ही तो वेगळ्या कामासाठी वापरला. ओळखीतून परवानग्या मिळवून तिने चार ठिकाणी प्रत्येकी तीन-चार दिवस नुसते बसून पाहायचे ठरवले: आईच्या रुग्णालयातला बाह्यरुग्ण विभाग, एक दंतचिकित्सालय, एक भौतिकोपचार केंद्र आणि लहान मुलांसाठी चालणारे व्यवसायोपचार केंद्र. शेवटचे ठिकाण मी सुचवले होते. मामांच्या यादीत त्याचे नावही नव्हते. गंमत अशी की हे कुटुंब फलटणच्या बाजूचे, आणि तिथे ज्यांच्या नावाची शाळा आहे, त्या कमलाबाई निंबकर यांनीच १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचे देशातले पहिले शिक्षण सुरू केले. शाळेच्या पाटीवरून मुलगी शेकडो वेळा गेली असेल, पण ते नाव आणि तो व्यवसाय यांचा संबंध तिला कोणी सांगितला नव्हता.

तिला मी एक वही दिली. त्यात आवडले की नाही हे लिहायचे नाही, अशी अट घातली, कारण सतरा-अठरा वर्षांच्या वयात ‘आवडले’ हा शब्द बऱ्याचदा तिथल्या माणसाविषयी असतो, कामाविषयी नसतो. रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या होत्या. आज मी घड्याळाकडे केव्हा पाहिले? कोणी न सांगता मी काय विचारले? घरी आल्यावर जेवताना मी कशाविषयी बोलले?

वहीतल्या काही नोंदी तिच्या परवानगीने सांगते. बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी डॉक्टरांनी नव्वदच्या वर रुग्ण तपासले आणि तिने अकराच्या सुमारास घड्याळ पाहिले. प्रत्येकाला दोन मिनिटेही मिळत नव्हती आणि ‘त्या आजींचं पुढं काय झालं ते कळणारच नाही’ असे तिने लिहिले होते. दंतचिकित्सालयात रूट कॅनालचे काम तिने पाऊण तास पाहिले. त्या बारीक सुया, आरशातून उलटे दिसणारे दात आणि डॉक्टरांच्या हातांची सफाई यांचे तिला कौतुक वाटले. मात्र प्रश्न तिने एकच विचारला, तोही यंत्राच्या किमतीविषयी. भौतिकोपचार केंद्रात अर्धांगवायू झालेले एक काका दोन दांड्यांच्या मधून चालायला शिकत होते. पहिल्या दिवशी सात पावले, चौथ्या दिवशी अकरा. त्या अकरा पावलांविषयी ती घरी दोन दिवस बोलत होती.

व्यवसायोपचार केंद्रातली नोंद सर्वांत मोठी होती, पान उलटून पुढे गेलेली. सहा वर्षांचा एक मुलगा शर्टाचे बटण लावायला शिकत होता. खऱ्या शर्टाच्या आधी त्याला लाकडी चौकटीवर ताणलेले जाड कापड, मोठी काजे आणि रुपयाएवढी बटणे दिली होती. बटण अर्धे आत गेले की त्याची बोटे सुटत आणि ते परत बाहेर येई. थेरपिस्ट ताई हात पुढे करत नव्हत्या. त्यांनी फक्त कापडाची मागची बाजू किंचित वर उचलून धरली, जेणेकरून त्याला पलीकडून येणारी बटणाची कड दिसावी. बाविसाव्या खेपेला बटण काजातून आले. मुलीने खेपा मोजल्या होत्या. खाली तिने लिहिले होते: ‘त्यांनी कापड का उचललं, ते मी विचारलं. मग चौकट मोठ्या बटणांची का, हे विचारलं. मग घरी आईनं काय करायचं, हे विचारलं. घड्याळ पाहायचं राहिलं.’

मी हे वाचून ‘मग ठरले तर’ असे म्हटले नाही. चार दिवसांच्या अनुभवावरून आयुष्य ठरवावे, असे माझे मत नाही, आणि त्या ताई फार चांगल्या होत्या हाही त्यात वाटा असणारच. पण ‘का?’ या प्रश्नाला तिच्याकडे आता स्वतःच्या अक्षरात लिहिलेला मजकूर होता.

निकाल लागला. सरकारी एमबीबीएस तिच्या गुणांत बसत नव्हते. खासगी महाविद्यालयातील बीडीएस आणि मुंबई-पुण्याच्या काही ठिकाणचे भौतिकोपचार किंवा व्यवसायोपचार आवाक्यात दिसत होते. या बैठकीला वडीलही आले. त्यांचे गावात औषधाचे दुकान आहे. त्यांनी दोन प्रश्न विचारले: नावापुढे डॉक्टर लागेल का, आणि पोट भरेल का. अनेक सल्लागार पहिला प्रश्न हसण्यावारी नेतात. मला ते योग्य वाटत नाही. ज्या माणसाने दुकानाच्या काउंटरमागे उभे राहून आयुष्यभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या, त्याला त्या शब्दाचे वजन आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. मी त्यांना सांगितले की या शब्दासाठी चार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप) असा बीडीएसचा मार्ग खासगी शुल्क भरून घ्यायचा असेल, तर तो जरूर घ्यावा, मात्र तो शब्दासाठी घेतला आहे हे मुलीला माहीत असू द्यावे. दुसऱ्या प्रश्नासाठी व्यवसायोपचार करणाऱ्या दोघांशी त्यांनी स्वतः फोनवर बोलावे, असे सुचवले, आणि ते बोललेही.

खरी चूक पसंतीक्रम भरताना होणार होती. वडिलांना भीती होती की कठीण जागा वर लिहिली तर सोपी जागाही हातची जाईल, म्हणून मिळण्यासारखी महाविद्यालये आधी लिहायची. ही समजूत घरोघरी आहे आणि ती चुकीची आहे. गुणवत्ता क्रमांकानुसार तुमची पाळी आली की संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा शिल्लक असेल, त्यातली सर्वांत वरची देतो. वरची न मिळणारी नावे लिहिल्याने खालचे काही बिघडत नाही. बिघडते ते नको असलेले नाव वर लिहिल्याने: पुढच्या फेरीत ती वरची जागा रिकामी झाली की ती आपल्याला मिळते आणि हातातली हवी असलेली जागा आपोआप जाते. मिळालेली जागा कायम ठेवायची असेल, तर तसा अर्ज वेळेत द्यावा लागतो. जागा नंतर सोडली तर काय होते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच प्रवेश घ्यावा. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी काय सांगितले होते, त्यावर विसंबू नये.

तिच्या यादीत पहिली तीन नावे व्यवसायोपचाराची, पुढची चार भौतिकोपचाराची आली. बीडीएस तिने घातले नाही. दुसऱ्या क्रमांकाची जागा पहिल्याच फेरीत मिळाली आणि तिने ती कायम ठेवली. मामा दोन महिने बोलत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत तिचा फोन आला. शरीररचनाशास्त्र जड जात होते, वसतिगृहातल्या शेजारच्या खोलीत एमबीबीएसच्या मुली होत्या आणि त्यांच्याकडे पाहून पुन्हा नीट द्यावी का, असे तिच्या मनात येत होते. मी हो किंवा नाही म्हटले नाही. वही कुठे आहे, एवढेच विचारले. ती बॅगेतच होती. तिने बटणाचे पान मला फोनवर वाचून दाखवले, मग थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मॅडम, आता मला कळतं त्यांनी कापड का उचललं ते. पण अर्जाची शेवटची तारीख कधी असते, तेवढं सांगा.” मी तिला साधारण महिना सांगितला, आणि तोपर्यंत रोज रात्री त्या तीन गोष्टी पुन्हा लिहायला सांगितल्या.